पहिले एअर पिस्तूल निवडताना : नागपुरातील नवख्या नेमबाजांसाठी मार्गदर्शक

आमच्या रेंजवर नव्याने येणाऱ्यांपैकी, विशेषतः कॉलेजातल्या मुलांपैकी, दर महिन्याला एकजण तरी मोबाइलवरचा एखादा अमेरिकन व्हिडिओ दाखवून विचारतो की, ही काडतुसे घरी पुन्हा भरायची यंत्रे आपल्याकडे कुठे मिळतात आणि त्यांतले कोणते घ्यावे. त्या व्हिडिओंतला कारागीर एक दांडा खाली ओढतो, खालची चकती एक घर पुढे सरकते आणि प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडते. ते पाहून कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे, कारण नेमबाजीत अचूकतेचे वेड लागलेल्या माणसाला आपल्या हाताने मोजून-मापून काही करावेसे वाटतेच. परंतु ती वाट आपल्यासाठी नाही, आणि का नाही हे पहिल्याच टप्प्यात सांगते. मोजण्या-मापण्याची ती सगळी हौस जिथे पूर्णपणे कायद्यात राहून भागते, तो 10 मीटर एअर पिस्तूलचा, म्हणजे दाबलेल्या हवेने छर्रा उडवणाऱ्या पिस्तुलाने 10 मीटरवर नेम धरण्याचा प्रकार आहे आणि हा लेख त्यातले पहिले पिस्तूल कसे निवडावे याबद्दल आहे. मी वयाच्या चौतिसाव्या वर्षी हा खेळ सुरू केला, पहिल्या खरेदीत दोन मोठ्या चुका केल्या, आणि त्या दोन्ही पुढे यथास्थान येतील.

1. आधी कायद्याची रेषा समजून घ्या

शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या काडतुसापुरती थांबत नाही. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री यांचाही तिच्यात समावेश होतो. कलम 5 नुसार दारूगोळा बनवण्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि शस्त्र बाळगण्याचा साधा परवाना असला म्हणून तो आपोआप मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला कलम 25 खाली किमान 7 वर्षांचा आणि कमाल जन्मठेपेपर्यंतचा कारावास आहे. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरून यंत्राचा एखादा भाग ‘नुसता बघायला’ मागवण्याचा विचारही करू नका.

एअर पिस्तूलचे तसे नाही. ज्याच्या नळीचा आतला व्यास 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठा नाही आणि ज्याची ऊर्जा 20 जूलच्या आत आहे, अशा हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेचे पिस्तूल या मर्यादेच्या पुष्कळ आत असते, कारण साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 150 मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा जेमतेम साडेपाच जूल भरते. परवाना लागत नाही याचा अर्थ कसलीही नोंद नाही असा मात्र नव्हे. विक्रेता तुमचे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, तो त्याने घ्यायलाच हवा, आणि जो घेत नाही त्याच्याकडून खरेदी करू नये.

2. पहिले तीन महिने काहीही विकत घेऊ नका

ही सूचना सर्वांत जास्त मोडली जाते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने 10 मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्यपदक मिळवले, मिश्र गटात सरबज्योत सिंगसोबत आणखी एक कांस्य मिळवले, आणि त्याच आठवड्यात आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणले. त्यानंतर पहिल्याच दिवशी ‘कोणते पिस्तूल घेऊ’ असे विचारत येणाऱ्या पालकांची संख्या वाढली. त्यांना मी हात जोडून एवढेच सांगते की, आधी क्लबच्या पिस्तुलावर शिकू द्या. तीन महिन्यांत मुलाला हा खेळ आवडतो की नाही हे कळते, रायफल जमते की पिस्तूल हे कळते, आणि मुख्य म्हणजे हाताला काय हवे ते कळते. पहिल्या दिवशी सगळीच पिस्तुले सारखी वाटतात. तीनेक हजार छर्रे उडवून झाले की, आपल्याला कोणती ग्रिप, म्हणजे मूठ, टोचते आणि कोणता ट्रिगर भरवशाचा वाटत नाही, हे स्वतःलाच सांगता येऊ लागते.

या काळात क्लबमधली शक्य तितकी पिस्तुले हाताळून पाहा. स्टेअर, मोरिनी, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ आणि वाल्थर ही नावे तुम्ही वारंवार ऐकाल. या पाचही कंपन्यांच्या स्पर्धा-पिस्तुलांची नळी नवख्या नेमबाजाच्या गरजेपेक्षा कितीतरी अचूक असते, त्यामुळे ‘सर्वांत अचूक कोणते’ हा प्रश्नच मनातून काढून टाका. निवड करायची आहे ती हाताच्या, खांद्याच्या आणि बोटाच्या सोयीने.

3. ग्रिप : निम्मी निवड इथेच होते

स्पर्धेच्या पिस्तुलाची ग्रिप हाताच्या आकारात कोरलेली असते. ती लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते, डावखुऱ्यांसाठी वेगळी असते, आणि तळहाताच्या कडेखाली वर-खाली सरकणारा एक आधार असतो, ज्याला सगळे पाम शेल्फ म्हणतात. माझी पहिली चूक इथलीच. माझा हात लहान आहे, पण विक्रेत्याकडे मध्यम मापच शिल्लक होते आणि ‘सवय होईल ताई’ या शब्दावर मी ते घेतले. सवय झाली खरी, पण ती चुकीची झाली. मोकळी जागा भरून काढण्यासाठी मी नकळत ग्रिप आवळून धरू लागले, आवळल्यामुळे मनगट थरथरू लागले आणि सात महिने माझा स्कोअर 600 पैकी 530 च्या वर सरकला नाही.

माप बरोबर आहे का हे पाहण्याची एक सोपी रीत आमच्या प्रशिक्षकांनी दाखवली, ती प्रत्येकाने करून पाहावी. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते नेहमीसारखे धरा, डोळे मिटा, हात निशाण्याच्या उंचीवर न्या, दोन श्वास थांबा आणि डोळे उघडा. पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, मागच्या साइटच्या खाचेत मधोमध दिसली, तर ग्रिप तुमच्या हाताची आहे. दहापैकी आठ वेळा ती एकाच बाजूला कललेली दिसली, तर ग्रिप तुमचे मनगट वळवते आहे, आणि मनगटाने ती चूक प्रत्येक शॉटला सुधारत बसणे म्हणजे 60 शॉट्सच्या सामन्यात 60 वेळा नवा प्रश्न सोडवणे. बऱ्याच पिस्तुलांत ग्रिपचा कोन बदलायचे स्क्रू असतात, त्यामुळे थोडा कल दुरुस्त होतो. मापच मोठे असेल, तर त्याला स्क्रूचा उपाय नाही.

माझ्या ग्रिपची दुरुस्ती शेवटी घरच्या ओट्यावर झाली. दिवाळीतली उरलेली पांढरी रांगोळी मी चिमूटभर घेऊन तळहातावर हलकेच चोळली, ग्रिप सावकाश धरली आणि सोडली. गडद अक्रोडाच्या लाकडावर पांढरा ठसा उमटला तो फक्त अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या टोकाला, आणि तळहाताचा मधला सगळा भाग कोरा राहिला. हात ग्रिपला कुठे टेकतच नव्हता हे डोळ्यांनी दिसले. मग हार्डवेअरच्या दुकानातून दोन भाग मिसळून होणारी इपॉक्सी पुट्टी आणली, कोऱ्या जागी पातळ थर दिला, ओली असतानाच प्लास्टिकची पातळ पिशवी मध्ये ठेवून हाताचा दाब दिला, आणि वाळल्यावर 120 आणि नंतर 240 नंबरच्या सँडपेपरने घासली. हे तीन रविवार चालले. एकदम जाड थर देऊ नका, कारण पुट्टी भरणे सोपे आणि जास्तीची काढणे कठीण असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ग्रिपने मनगटाला आधार देता कामा नये, त्यामुळे पुट्टी मागच्या बाजूला मनगटापर्यंत नेऊ नका.

4. वजन आणि तोल

नियमात पिस्तुलाचे कमाल वजन 1,500 ग्रॅम आहे आणि संपूर्ण पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. बाजारात मिळणारी बहुतेक पिस्तुले 900 ग्रॅम ते 1 किलोच्या आसपास असतात. हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. तो किती असतो हे समजायला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली सरळ हाताने खांद्याच्या उंचीवर दहा सेकंद धरा, खाली आणा, अर्धा मिनिट थांबा, आणि असे वीस वेळा करा. सामन्यात इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 60 शॉट्ससाठी 75 मिनिटे मिळतात, आणि त्याआधी तयारीच्या व सरावाच्या शॉट्सची 15 मिनिटे असतात. हात त्या सगळ्या वेळासाठी लागतो.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी आखूड नळीची, हलकी आवृत्ती घ्यावी, आणि ‘मोठा झाल्यावर उपयोगी पडेल’ म्हणून जड पिस्तूल घेऊ नये. वाढत्या वयात खांदा दुखावला तर ते नुकसान पैशात भरून येत नाही. तोल पुढे असावा की हातात असावा, याबद्दल क्लबमध्ये तास न् तास चर्चा होते. नवख्याने तोल किंचित पुढे असलेले पिस्तूल घ्यावे असे माझे मत आहे, कारण त्यात साइटची हालचाल संथ दिसते.

5. ट्रिगर

एअर पिस्तूलचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा लागतो, म्हणजे त्यापेक्षा कमी भाराने तो सुटता कामा नये. तपासणीत पिस्तुलाची नळी उभी धरून ट्रिगरला 500 ग्रॅमचे वजन अडकवतात आणि ते सपाट पृष्ठभागावरून उचलले गेले पाहिजे. तीन प्रयत्नांत उचलले नाही, तर पिस्तूल नापास होते. म्हणून ट्रिगर नेमका 500 वर बसवू नका, तो 520 च्या आसपास ठेवा. प्रवासात स्क्रू किंचित हलला तरी तेवढा मोकळा भाग हाताशी राहतो.

ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. बोट आधी पहिला टप्पा ओढते, तिथे एक स्पष्ट अटकाव लागतो, आणि मग थोड्याशा वाढीव दाबाने शॉट सुटतो. नवख्याने पहिल्या टप्प्यावर बहुतेक भार ठेवावा, म्हणजे साधारण 380 ते 400 ग्रॅम, आणि दुसऱ्याला उरलेला. घेण्याआधी पिस्तूल ड्राय फायरिंगच्या, म्हणजे छर्रा न उडवता नुसता ट्रिगर ओढण्याच्या स्थितीत ठेवून पन्नास वेळा ट्रिगर ओढून पाहा. अटकाव दर वेळी एकाच ठिकाणी लागला पाहिजे. कधी लागतो, कधी निसटतो, असे होत असेल तर ते पिस्तूल सोडून द्या.

काही पिस्तुलांचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक असतो. तो अतिशय स्वच्छ सुटतो, हे मान्य करावे लागेल. पण त्यात सर्किट असते, बॅटरी असते, आणि बिघाड झाला तर रेंजवर स्क्रूड्रायव्हरने दुरुस्त होत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये 25 जुलै 2021 रोजी मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ती 12 व्या स्थानी राहिली. तिच्या सोबत संपूर्ण पथक आणि पर्यायी साहित्य होते. आपल्याकडे नागपुरात दुरुस्तीसाठी पिस्तूल बाहेरगावी पाठवावे लागले, तर आठवडे जातात. या एका कारणासाठी पहिले पिस्तूल यांत्रिक ट्रिगरचेच घ्यावे, असे मी ठामपणे सांगेन.

6. सिलिंडर आणि हवा : इथे घाई करू नका

पिस्तुलाच्या नळीखाली स्क्रूने बसणारा छोटा सिलिंडर 200 बार दाबाच्या हवेने भरतात आणि एका भरणीत साधारण दीडशे ते दोनशे शॉट्स होतात. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, एवढे लक्षात ठेवले की या वस्तूशी कसे वागायचे ते सांगावे लागत नाही.

सिलिंडरवर निर्मितीची तारीख आणि मुदत कोरलेली असते. प्रमुख कंपन्या निर्मितीपासून 10 वर्षांची मुदत देतात. मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी नियमानुसार नेमबाजाची आहे. माझी दुसरी चूक हीच. मी पहिले पिस्तूल विकून एक वापरलेले पिस्तूल घेतले, नळी पाहिली, ट्रिगर पाहिला, साइटचे क्लिक मोजले आणि सिलिंडर मात्र फिरवून पाहिला नाही. राज्य पातळीवरच्या स्पर्धेत शस्त्र तपासणीच्या टेबलावर तिथल्या अधिकाऱ्यांनी सिलिंडर काढला, दिव्याखाली फिरवला आणि बोटाने बारीक अक्षरे दाखवली. मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती. अमरावतीच्या एका मुलीने स्वतःचा जादा सिलिंडर दिला, तो नशिबाने त्याच कंपनीचा होता आणि आटे जुळले, म्हणून मी फायरिंग पॉइंटवर उभी राहू शकले. वेगवेगळ्या कंपन्यांचे आटे सहसा जुळत नाहीत, त्यामुळे अशा मदतीच्या भरवशावर जाऊ नका आणि पहिल्या दिवसापासून दोन सिलिंडर ठेवा.

हवा भरण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे पाणबुडे वापरतात तसा मोठा सिलिंडर, जो बहुतेक क्लबांत असतो. त्याला गॅस सिलिंडर नियम, 2016 लागू होतात. हे नियम राबवणारी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचे मुख्यालय आपल्याच गावात सेमिनरी हिल्सला आहे. असा मोठा सिलिंडर मान्यताप्राप्तच असावा आणि त्याची हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने करायच्या चाचणीची तारीख चालू असावी. क्लबच्या सिलिंडरवर ती तारीख कुठे आहे हे विचारायला संकोच करू नका. दुसरा मार्ग हातपंपाचा आहे. तो स्वस्त पडतो, पण 200 बारपर्यंत नेताना चांगलाच दम काढतो आणि मध्ये थांबून पंप थंड होऊ द्यावा लागतो. जुलै-ऑगस्टमधल्या आपल्या दमट हवेत पंपातून पाण्याचा अंशही आत जातो आणि आतल्या भागांना गंज चढतो. त्यामुळे पावसाळ्यात शक्यतो हातपंप टाळा, आणि वापरलाच तर प्रत्येक भरणीनंतर पंपाचा निचरा-स्क्रू उघडून पाणी बाहेर काढा.

कोणत्याही मार्गाने भरा, पण सावकाश भरा. झडप हळूहळू उघडली तर सिलिंडर कोमट होतो, आणि एकदम उघडली तर तापतो व नंतर गार झाल्यावर दाब कमी दिसतो.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. पहिली अशी की, या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कधीही भरू नका. कोरोनाच्या काळापासून अनेक घरांत ऑक्सिजनचे सिलिंडर पडून आहेत आणि ‘हवाच तर आहे’ असे म्हणणारा कुणीतरी भेटतो. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन आणि पिस्तुलातले तेल किंवा ग्रीस यांचा संबंध आला की स्फोट होऊ शकतो. दुसरी गोष्ट आपल्या उन्हाळ्याची. 27 अंशांना 200 बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत 60 अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब सुमारे 222 बार होतो. मे महिन्यात बाहेरच पारा 45 च्या पुढे गेलेला असतो, तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत 60 अंश ही मुळीच दूरची गोष्ट नाही. त्या दिवसांत मी सिलिंडर 150 बारपर्यंतच भरते आणि पिस्तुलाची पेटी सोबत घेऊनच गाडीतून उतरते, मग काम पाच मिनिटांचे का असेना.

7. छर्रे

स्पर्धेचे छर्रे सपाट डोक्याचे असतात, म्हणजे कागदावर गोल, स्वच्छ भोक पडते. पिस्तुलासाठी साधारण 0.45 ते 0.53 ग्रॅम वजनाचे छर्रे वापरतात आणि डब्यावर 4.49, 4.50 असा डोक्याचा व्यास छापलेला असतो. कोणता व्यास आपल्या नळीला मानवतो हे पाहण्यासाठी अनुभवी नेमबाज पिस्तूल शिकंज्यात बसवून पाच-पाच शॉट्सचे गट पाडतात. तुम्हाला पहिल्या वर्षी याची गरज नाही. पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ 11.5 मिलिमीटरचे असते, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या जेमतेम निम्मे. नवख्याचा हात जितका हलतो त्यापुढे छर्ऱ्यांतला फरक काहीच नसतो. सरावाला मध्यम दर्जाचे आणि स्पर्धेला चांगले, पण एकाच व्यासाचे छर्रे घ्या.

छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काहीही खाऊ नये, आणि रेंजवर बसून डबा खाण्याची मुलांची सवय पालकांनी मोडून काढावी. छर्रे खिशात सुटे ठेवू नका, त्यांच्या कडा चेपतात.

8. वापरलेले पिस्तूल घेणार असाल तर

वापरलेले पिस्तूल घेण्यात काही कमीपणा नाही. नीट पाहून घेतलेले जुने पिस्तूल हे घाईने घेतलेल्या नव्यापेक्षा चांगले, असे माझे मत आहे. मात्र पुढील तपासण्या केल्याशिवाय पैसे देऊ नका :

- दोन्ही सिलिंडरांवरची निर्मितीची व मुदतीची तारीख स्वतः वाचा. मुदत वर्षभरात संपत असेल, तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा.
- सिलिंडर भरून, पिस्तुलाला लावून, रात्रभर ठेवा. सकाळी मापकाचा काटा खाली आला असेल, तर सील गळते आहे.
- क्लबमध्ये वेग मोजायचे यंत्र असेल, तर वीस शॉट्स मोजा. वेग एका शॉटला वर आणि एकाला खाली जात असेल, तर रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, दुरुस्तीला आला आहे.
- मागच्या साइटचा स्क्रू दहा क्लिक एकीकडे व दहा परत फिरवा. शॉट मूळ जागी परत आले पाहिजेत.
- पिस्तुलावरचा क्रमांक आणि मूळ बिलावरचा क्रमांक जुळतात का ते पाहा. बिल नसेल, तर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.

9. खरेदी आणि कागदपत्रे

परदेशी बनावटीचे नवे स्पर्धा-पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. भारतीय बनावटीची स्पर्धा-पिस्तुलेही आता मिळतात, त्यांची किंमत बरीच कमी असते आणि सुटे भाग लवकर येतात, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांसाठी त्यांचा विचार जरूर करावा. नागपुरात सगळी मॉडेल्स हाताळायला मिळणार नाहीत. पुण्या-मुंबईला स्पर्धेच्या निमित्ताने जाल, तेव्हा तिथे विक्रेत्यांचे टेबल असेल तर वेळ काढून प्रत्येक ग्रिप हातात घ्या, आणि खरेदी परत आल्यावर, शांतपणे करा.

पुढील कागद एका फाइलमध्ये, प्रत्येकाच्या दोन प्रतींसह ठेवा :

- ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा
- वयोगटासाठी जन्मदाखला
- क्लबचे सदस्यत्व पत्र
- पिस्तुलाचे मूळ बिल, ज्यावर क्रमांक स्पष्ट छापलेला आहे
- सिलिंडरचे प्रमाणपत्र किंवा माहितीपत्रक
- राष्ट्रीय रायफल संघटनेचे नेमबाज ओळखपत्र, जेव्हा मिळेल तेव्हा

बिलाची एक प्रत पिस्तुलाच्या पेटीतच चिकटवून ठेवा. हे पिस्तूल पाहणाऱ्याला खऱ्या पिस्तुलासारखेच दिसते, म्हणून ते कुलूपबंद पेटीतूनच न्यावे आणि रेल्वेच्या डब्यात कुणी कितीही आग्रह केला तरी उघडून दाखवू नये. विमानाने जाताना सिलिंडर काढून पूर्ण रिकामा करावा लागतो, तेव्हा पोहोचल्यावर भरायची सोय आहे का हे आयोजकांना आधीच विचारा.

पेटीत आणखी दोन स्वस्त वस्तू हव्यात. एक म्हणजे चेंबरमधून नळीभर जाणारी भडक रंगाची सुरक्षा-दोरी, जिच्याशिवाय कोणत्याही रेंजवर पिस्तूल टेबलावर ठेवू देत नाहीत. दुसरे म्हणजे न मिटलेल्या डोळ्यासमोर धरायची 30 मिलिमीटरपर्यंत रुंदीची पट्टी, कारण एक डोळा मिटून तासभर नेम धरल्याने चेहऱ्याचे स्नायू थकतात. बूट साधे, सपाट तळाचे आणि घोटा न झाकणारे चालतात, त्यावर पैसे खर्चू नका.

10. घरी आणल्यावरचा पहिला आठवडा

पहिल्या दिवशी एकाही स्क्रूला हात लावू नका. ग्रिपचा कोन, पाम शेल्फची उंची, ट्रिगरची जागा, साइटच्या खाचेची रुंदी, या सगळ्यांचे फोटो काढा आणि वहीत तारखेसह नोंद करा. नंतर काही बिघडले तर परत येण्याची तीच एक वाट असते. त्यानंतर एका आठवड्यात एकच गोष्ट बदला. मी एकाच संध्याकाळी तीन स्क्रू फिरवून मग कशाने काय झाले हे शोधत बसलेले लोक पाहिले आहेत.

घरी प्रत्यक्ष फायरिंग करू नका. गच्चीवर किंवा पोर्चमध्ये टार्गेट लावायचा मोह होतो, पण शिशाचा छर्रा कठीण भिंतीवरून उलटा येतो आणि शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणारी माणसे असतात. घरी फक्त ड्राय फायरिंग करा. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर दोन मीटरवर उभे राहा, सुरुवातीला काळे टार्गेट लावूच नका, आणि फक्त पुढची साइट खाचेत स्थिर ठेवून ट्रिगर ओढायचा सराव रोज वीस मिनिटे करा. शॉट ‘सुटल्यावर’ साइट हलली का हे पाहत राहा. ते हलणे दिसू लागले की पिस्तूल तुम्हाला शिकवू लागले असे समजा.

आणि त्याच आठवड्यात दोन्ही सिलिंडरांची मुदत वाचून, ती संपण्याच्या सहा महिने आधीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. नवा सिलिंडर मागवून तो नागपुरात पोहोचेपर्यंत तेवढा वेळ लागू शकतो.